नात्याचा रकाना

माझी मावशी चोवीस वर्षं दुसऱ्याच कुणाची तरी मावशी होती. मी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे हक्काची भाची मीच. पण मला ती मिळायची आठवड्यातून एक दिवस, तोही अर्धा, आणि त्या अर्ध्या दिवसातही तिचं निम्मं लक्ष घड्याळाकडे. "आता ठकी उठली असेल," म्हणायची. "दूध कोमट करून देतील की तसंच देतील, कोण जाणे." मला त्या ठकीचा गळा आवळावासा वाटे. मी नऊ वर्षांची होते आणि ठकी चार महिन्यांची, त्यामुळे ते जमण्यासारखंही होतं.

मावशीचं काम मूल सांभाळण्याचं. नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी कामधंदा शोधायला म्हणून बाहेरगावी गेला आणि तिकडचाच झाला. स्वतःचं मूल नाही. छत्तिसाव्या वर्षी ती ठकीच्या घरी कामाला लागली ती साठाव्या वर्षी बाहेर पडली, आणि मधल्या काळात त्या कामाने तिची चाल आणि बोलणं दोन्ही बदलून टाकलं. फुटपाथवरून जाताना ती नेहमी रस्त्याच्या बाजूने आणि हळू चालायची, सोबत कुणी नसलं तरी. गरम काहीही मनगटावर थेंब टाकून पाहिल्याशिवाय पुढे करायची नाही. माझ्या वडिलांचा चहासुद्धा. फळ कापलं तर नखाएवढ्या फोडी. आणि बोलायची सगळं 'आपण' लावून. "आपण आता हात धुणार आहोत," असं ती वडिलांना म्हणाली की ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "आणि मग आपण पेपर वाचणार आहोत, आणि आपल्याला कुणी छळायचं नाही." मावशी हसायची. चिडवलेलं तिला कळायचं, पण लागायचं नाही.

ठकीचे आईवडील वाईट लोक नव्हते हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल एकही बरा शब्द लिहिणार नाही. वडील, म्हणजे साहेब, पुलांचे आराखडे तपासायचे. रेघ जराशी इकडची तिकडे झाली तरी ती त्यांच्या नजरेतून सुटत नाही, असं त्यांच्याबद्दल म्हणत. घरातल्या प्रत्येक कागदाला फाइल आणि प्रत्येक फाइलला चिठ्ठी. बाई कॉलेजात शिकवायच्या. तिसऱ्या मजल्यावर चार खोल्यांचं घर, आणि इस्त्रीच्या टेबलामागे जी जागा उरली होती तिथे मावशीची खाट. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, "आमच्याकडे नोकर-मालक असलं काही नाही हं. तुम्ही घरच्यासारख्याच." घरच्यासारखी म्हणजे घरची नव्हे, एवढं त्या शब्दातच बसलेलं असतं. मावशीला ते ऐकू आलं नाही. तिने ते 'सारखी' गाळूनच ऐकलं.

ठकी हे नाव मावशीनेच ठेवलेलं, लाकडी बाहुलीसारखी गोल आणि गप्प म्हणून. ती गप्प ठकी बोलायला लागली तेव्हा तिला 'मावशी' म्हणता येईना. ती 'माशी' म्हणायची. "माशी, ये," "माशी, जाऊ नको." सगळं घर लोटपोट व्हायचं. पुढे तिची जीभ वळली, आणि मग बाई, साहेब, दूधवाला, खालचा रखवालदार, झाडून सगळे तिला मावशी म्हणू लागले. तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

त्या घरात एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, 'ठकीची वही'. बाई कॉलेजात असताना घरात काय झालं ते मावशीने त्यात लिहायचं: किती वाजता उठली, किती दूध घेतलं, शी झाली की नाही, किती झोपली, अंग गरम वाटलं का. संध्याकाळी बाई ती वाचायच्या आणि लाल पेनने बरोबरची खूण करायच्या, विद्यार्थ्यांचे पेपर तपासावेत तशी. मधूनमधून शेरेही असत. एक वही भरली की दुसरी. जुन्या वह्या बाई रद्दीत टाकायच्या आणि मावशी त्या रद्दीतून काढून आपल्या पेटीत ठेवायची. अकरा वह्या झाल्या. ठकी शाळेत जाऊ लागल्यावर ते बंद पडलं.

मी तेरा वर्षांची असताना तो फॉर्म आला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मावशीने बाईंची परवानगी काढून मला दिवसभर तिकडे नेलं होतं. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बाहेरच्या खोलीत बघत होते. घरकामाला आणि मुलं सांभाळायला ठेवलेल्या माणसांची नोंदणी करायची, असा नवा कायदा झाला होता. लेखी करार करायचा, पगाराची चिठ्ठी द्यायची, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, आणि दरमहा मालकाने आणि कामगाराने आपापला हिस्सा भरायचा म्हणजे साठीनंतर त्या माणसाला पेन्शन. साहेब जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि पेन घेऊन बसले. टाळाटाळ त्यांच्या स्वभावात नव्हती.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?" त्यांनी आतल्या दिशेने विचारलं.

चार वर्षं झाली होती तिला त्या घरात. मावशीने नाव सांगितलं. साहेबांनी आडनाव पुन्हा विचारून घेतलं. मग ते रकाने वाचत भरत गेले. जन्मसाल. शिक्षण. कामाचे तास, तिथे थोडं थांबून त्यांनी 'आठ' लिहिलं. मग आलं: कामगाराचे मालकाशी नाते, असल्यास.

"हे काय विचारतात!" साहेब हसले. "नातं काय, मावशी." आणि लिहिलं, मावशी.

बाई हसल्या. ठकी टेबलाखालून "मावशी, मावशी" करत नाचली. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की मीही मूर्खासारखी हसले. त्या आठवड्याच्या अर्ध्या सुट्टीला तिने माझ्या आईला सांगितलं, "अगं, सरकारी कागदावर लिहिलंय साहेबांनी. मावशी म्हणून."

आई भाजी निवडत होती. "मी तुझी सख्खी बहीण," ती म्हणाली. "मला कुठल्या कागदावर लिहिलंयस तू?"

दोनेक महिन्यांनी मावशीचा पगार थोडा वाढला. नोंदणीसाठी जे काही कापलं जात होतं ते आता कापायचं नाही, असं साहेब म्हणाले. का ते तिने विचारलं नाही. त्या पहिल्या वाढीतून तिने मला शाळेचे बूट घेतले, काळे, बंदवाले. ते मी दोन वर्षं घातले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी फार तावातावाने बोलले आणि तेव्हा मला हे बूट आठवत होते.

मी मोठी झाले आणि पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात पगारपत्रकं करायला लागले. अजूनही तेच करते. आमच्याकडे खोक्यांना पट्ट्या लावणाऱ्या बाईलाही महिनाअखेर चिठ्ठी मिळते. तिच्यावर मूळ पगार, जादा तास, उरलेली रजा, तिचा हिस्सा, मालकाचा हिस्सा सगळं असतं. एका दिवसाचा घोळ झाला तर ती येऊन माझ्या टेबलावर हात आपटते, आणि बरोबर करते. नोकरी लागल्या लागल्या मी मावशीला विचारलं होतं, "तुझी चिठ्ठी कुठाय गं?"

"घरात कुणी चिठ्ठी देतं का?" ती म्हणाली. "आणि फॉर्म भरलाय की साहेबांनी. तुझ्यासमोर तर भरला."

तिचं खरं होतं. माझ्यासमोरच भरला होता. मी गप्प बसले, आणि ज्या बाईचं कामच दुसऱ्यांचे रकाने तपासणं तिने पुढची दहा वर्षं आपल्या मावशीचा रकाना तपासला नाही. याचं खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडू?

ठकी शिकायला दुसऱ्या शहरात गेली तरी मावशी त्या घरात राहिली. स्वयंपाक, कपडे, बाईंच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं तिच्याकडे आलं. मग एका सकाळी ती ओल्या फरशीवर घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, बाईंनी फुलं आणली, आणि दीड महिन्यानंतर फारच हळुवार आवाजात सांगितलं की आता तुम्ही आराम करा, मावशी, फार केलंत आमच्यासाठी. निरोपाला त्यांनी तिला एक मोठा चौकटीतला फोटो दिला. बागेतला. साहेब, बाई आणि मधे ठकी. मावशी त्यात नव्हती, कारण तो फोटो तिनेच काढला होता.

ती पेटी आणि फोटो घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली. आईवडील तोवर राहिले नव्हते, आणि मी लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, त्यामुळे जागा होती. तिला साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. सहा नंबरची खिडकी. समोर बाकावर काठी टेकवून बसलेली माणसं, वर न फिरणारा पंखा. कारकुनाने नाव विचारून संगणकाच्या पडद्यावर पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"यांची नोंद बंद आहे," तो म्हणाला. "वीस वर्षांपूर्वीच बंद झाली."

"का?"

"नातेवाईक आहेत ना. मालकाची मावशी." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "नातेवाईकांची कामगार म्हणून नोंद होत नाही. घरातलं माणूस घरात काम करतं, त्याला कुठली पेन्शन?"

मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "हो हो," ती त्याला समजावत म्हणाली, "साहेबांनीच लिहिलंय ते. मावशी म्हणून." तिला वाटलं, हे कळल्यावर काम लवकर होईल.

त्या कारकुनाने माझ्याकडे बघितलं. तो वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "मालकाने लेखी दिलं की हे नातं चुकीचं लिहिलंय, तर उघडता येईल. पण मागचं सगळं भरावं लागेल त्यांना. दंडासकट. कोण देतं लिहून?"

आम्ही ठकीच्या घरी गेलो. त्या तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या मावशी कठडा धरून, दर मजल्यावर थांबत चढली. दार उघडल्यावर बाईंनी तिला मिठी मारली, खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. मी काय झालं ते सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले.

"पण त्या होत्याच की आमच्या मावशी," त्या म्हणाल्या. "आम्ही कधी परकं मानलं का त्यांना? तुम्हीच सांगा, मावशी."

"नाही हो," मावशी लगेच म्हणाली.

"मग आता मी कोणत्या तोंडाने लिहून देऊ की तुम्ही आमच्या कुणी नव्हतात?"

असं आहे बघा. भरायची वेळ आली तेव्हा त्यांना नातं आठवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी साहेबांकडे वळले. ते उठले, आत गेले आणि फाइल घेऊन आले. वीस वर्षांचा कागद, एक सुरकुती नाही. "हे पाहा," ते म्हणाले, "यात माझा काही दोष नाही. कार्यालयानेच नोंद बंद केली. त्यांचंच पत्र."

मी ते वाचलं. नातेवाईक असल्याने नोंद बंद करण्यात येत आहे, हिस्सा भरण्याची गरज नाही. आणि खाली शेवटची ओळ: नात्याबाबत चूक झाली असल्यास तीस दिवसांत कळवावे.

"ही ओळ वाचली होती तुम्ही?" मी विचारलं.

आराखड्यातली केसाएवढी रेघ पाहणारा तो माणूस खिडकीबाहेर बघू लागला. "तेव्हा धावपळ होती," तो म्हणाला.

फॉर्म भरताना झाली ती चूक होती, हे मी आजही मानते. त्या टेबलावर ते सगळे खरोखर हसत होते. पण हे पत्र आलं, त्यांनी ते वाचलं, भोकं पाडून फाइलला लावलं, आणि वाचलेले पैसे पगारवाढ म्हणून मावशीच्या हातावर ठेवले. तेही तिचेच, तिच्याच हिश्श्याचे. त्या दिवसापासून ती चूक राहिली नाही, ती त्यांची सोय झाली.

पायऱ्या उतरताना मावशी म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांना किती वाईट वाटलं बघ."

तिने जाऊ दिलं असतं. तिचं मन बदललं ते माझ्यामुळे नाही. दोन-तीन महिन्यांनी ती मला न सांगता पलीकडच्या गल्लीतल्या एका घरी काम विचारायला गेली. सहा महिन्यांचं बाळ होतं तिथे. त्या बाईने विश्वासाने बाळ तिच्या हातात द्यायला पुढे केलं, आणि मावशीला काठी सोडता येईना. एका हाताने काठी, एका हाताने बाळ, ते होईना. ती परत आली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "उचलता नाही आलं मला." त्यानंतर ती जेवताना ताटातलं अर्धं काढून ठेवू लागली. मी ओरडले की म्हणायची, भूक नाही. मी पगारपत्रकं करते, माझा पगार तिला माहीत होता. एका दुपारी तिने स्वतःच पेटी उघडली आणि अकरा निळ्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या.

"यांचा काही उपयोग होईल का गं?" तिने विचारलं.

मी तक्रार दाखल केली. सुनावणीला वर्ष लागलं.

ती खोली लहान होती. एक टेबल, सहा खुर्च्या, सर्दी झालेली अधिकारीबाई आणि तिच्यापुढे रुमालांचा डबा. एका बाजूला साहेब, बाई आणि ठकी. ठकी तेव्हा पंचविशीची, नोकरीला लागलेली, मावशीकडे न बघता बोटातली अंगठी फिरवत बसलेली. बाईंनी शांतपणे सांगितलं की आमचं घरगुती नातं होतं, कामाचे तास, हुकूम, देखरेख असं काही नव्हतं, आम्ही हातखर्चाला देत होतो.

अधिकारीबाईने गठ्ठ्यातली एक वही उघडली. नाक पुसलं. मग वाचायला लागली, अगदी सपाट आवाजात.

"'सुट्टीवरून यायला दहा मिनिटं उशीर. कारण?' हे लाल अक्षर कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या.

"खाली निळ्यात उत्तर आहे. 'भाचीला ताप होता.' त्याखाली पुन्हा लाल. 'यापुढे आधी कळवणे.'" तिने पान उलटलं. ती भाची मी. तो ताप मला आठवतो. मावशीने माझे पाय चोळले होते आणि जाताना दोनदा दारातून परत आली होती.

"'दुपारी न विचारता खाली नेलं. पुन्हा नको.' लाल." आणखी काही पानं. मग ती थांबली. "इथे निळ्या अक्षरात लिहिलंय, 'आज ठकीने मला पहिल्यांदा माशी म्हणून हाक मारली.' माशी?"

"मावशी म्हणता येत नव्हतं तिला," मावशीने सांगितलं.

"आणि खाली लाल पेनने, 'अनावश्यक नोंदी करू नयेत.'" अधिकारीबाईने वही मिटली आणि बाईंकडे पाहिलं. "सख्ख्या मावशीला असे शेरे मारता तुम्ही?"

मला वाटलं होतं, या क्षणी मला फार आनंद होईल. झाला, खोटं कशाला बोलू. पण मी ठकीकडे पाहिलं. ती अंगठी फिरवायची थांबली होती आणि त्या वहीकडे बघत होती. त्या वह्या आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. साहेबांनी मागचं सगळं भरायचं, मावशीला पेन्शन सुरू. फक्त एक कागद उरला. जुनं नातं रद्द करायचं तर मावशीनेही तसं लिहून द्यायला हवं होतं. मजकूर छापलेलाच असतो, खाली सही करायची. मी तो तिला वाचून दाखवला: अर्जदाराचे उक्त कुटुंबाशी कोणत्याही प्रकारचे नाते नाही व कधीही नव्हते.

मावशीने पेन घेतलं. मग ठेवलं. "अहो," ती अधिकारीबाईला म्हणाली, "हे शेवटचं तेवढं खोडता येईल का? 'कधीही नव्हते' एवढंच."

"नाही हो, आजी. मजकूर ठरलेला आहे."

"आत्ता नाही, हे बरोबर आहे," मावशी म्हणाली. "मी पुढच्याबद्दल बोलत नाही. मागचं तेवढं..."

"सगळं एकत्रच असतं ते."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं? मी जेवणाच्या ताटाचा विचार केला, औषधांचा, माझ्या पगाराचा. "कर सही," म्हटलं. तिने केली. पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर, शेवटच्या अक्षरावरची रेघ नीट ओढून. पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि ठकी उठून बाहेर गेली. आम्ही व्हरांड्यात आलो तेव्हा ती तिथे नव्हती. वह्या मागितल्या तर कारकून म्हणाला, पुरावा आहे, परत मिळत नाही. फायलीला शिवल्यात.

तीन वर्षं झाली. पेन्शन नेमाने येते. मावशी आता पोटभर जेवते. तो चौकटीतला फोटो तिने भिंतीवर लावला नाही, टाकूनही दिला नाही. तो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे. ठकीचं लग्न झालं ते आम्हाला तिकडच्या दूधवाल्याकडून कळलं. मावशीने त्याला खोदून खोदून विचारलं, बारीक झालीय का, कुठल्या रंगाचं नेसली होती. बोलावणं नव्हतं. येणार तरी कसं, ज्यांच्याशी कोणत्याही प्रकारचं नातं नाही त्यांना?

गेल्या आठवड्यात ठकीचा फोन आला. मला, कारखान्यात. "ताई, तुमचं कामच ते आहे म्हणून विचारतेय," ती म्हणाली. "बाळासाठी बाई ठेवायचीय. सगळं कायद्याने करायचंय. कागद पाठवले तर बघाल का?"

मी बघितले. चुका शोधायच्या म्हणूनच बघितले, तेही कबूल करते. लेखी करार. तास, जादा तासांचा दर. आठवड्याची पूर्ण सुट्टी. आजारपणाची रजा, काम सोडण्याआधीची मुदत, दोन्ही हिस्से. नोंदणीच्या फॉर्मवर त्या बाईचं पूर्ण नाव, आडनावासकट, ती कामाला लागण्याआधीच. मालकाशी नाते, असल्यास: नाही. आणि कराराच्या शेवटी ठकीने स्वतः घातलेली एक ओळ: घरातील सर्वांनी, तसेच मुलाने, कामगारास नावानेच संबोधावे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. माझा फोन जुना आहे, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं. मावशी समोर बसून शेंगा सोलत होती.

"चूक नाही," मी म्हटलं.

"नक्की ना? बाबांसारखं व्हायला नको."

"एकही नाही. आमच्या कारखान्यात लावावा असा कागद झालाय."

"बरं." मागे बाळ रडत होतं. तिने फोन ठेवला नाही. "ताई, अजून एक. हा रडायला लागला की थांबतच नाही. मीही अशीच होते म्हणे. आईला काही आठवत नाही. त्या वह्यांत असेल ना लिहिलेलं?"

"वह्या मिळत नाहीत. फायलीत आहेत."

"हं." पुन्हा तेच रडणं. "मग तुमच्या मावशींना विचाराल का?"

तुमच्या मावशींना. नऊ वर्षांची असल्यापासून मला हेच त्या ठकीच्या तोंडून ऐकायचं होतं, की ती तुमची आहे, माझी नाही. आता ते आलं, तर मी आधी मावशीकडे बघितलं. मावशीने शेंगा सोलायचं थांबवलं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"डाव्या कानामागे बोट फिरवायचं म्हणावं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "हळू. वरून खाली. आणि खिडकीपाशी उभं राहायचं, बसायचं नाही."

मी ते फोनमध्ये सांगितलं.

"थांबा हं, लिहून घेते," ठकी म्हणाली. "उद्या त्या बाई येतील, त्यांना सांगायला."

मावशीने मांडीवरची टरफलं गोळा केली, ताटलीत टाकली, हात झटकले.

"लिहून झालं का विचार तिला," ती म्हणाली. "अजून पुढे आहे."